सहायक फौजदार तुकाराम ओंबळे : एका स्मरणाचा अर्थ

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी २६ नोव्हेंबर रोजी आपल्या महाविद्यालयात श्रद्धांजलीचा छोटासा कार्यक्रम झाला. फलकलेखनाचे काम माझ्याकडे आले होते. कारण माझे अक्षर बरे आहे, आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने सहसा 'नाही' म्हणायचे नसते. मुंबईवरील हल्ल्यात कामी आलेल्या पोलिसांची नावे मी रंगीत खडूंनी लिहू लागलो. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही नावे मोठ्या अक्षरांत, पदांसह लिहिली. तळाशी पोहोचेपर्यंत जागा संपत आली. तिथे कशीबशी एक ओळ बसवली : 'पो. शि. तुकाराम ओंबळे'. पो. शि. म्हणजे पोलीस शिपाई. कार्यक्रम झाला, दोन मिनिटे स्तब्धता पाळली गेली, आणि दुसऱ्या तासाला फळा पुसला गेला. कोणी काही म्हणाले नाही.

मे महिन्यात गावच्या यात्रेला माझा मामा आला. तो मुंबई पोलिसांत शिपाई आहे. भाच्याचे कौतुक व्हावे म्हणून मी त्याला मोबाईलवर त्या फळ्याचे छायाचित्र दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले व म्हणाला, "अक्षर झ्याक हाय तुझं. पण पद चुकलंय. ते शिपाई नव्हते, सहायक फौजदार होते. तेवढं चढायला आमची हयात जाती, लेका." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात राहिला. ज्याचे पद आपल्याला ठाऊक नाही, ज्याने नेमके काय केले हे आपण दोन वाक्यांपलीकडे सांगू शकत नाही, त्याचे आपण 'स्मरण' केले म्हणजे काय केले? २००८ साली मी दोन वर्षांचा होतो. माझ्या वर्गातील बहुतेकांची हीच कथा. ज्याची आठवणच नाही त्याचे स्मरण करायचे तर दुसरा मार्ग नाही. ते आधी नीट समजून घ्यावे लागते. प्रस्तुत लेख म्हणजे माझ्या फळ्यावरील त्या ओळीची दुरुस्ती आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे जे समजले ते मी विद्यार्थी-मित्रांपुढे व प्राध्यापकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम पदाविषयी. पोलीस खात्यात शिरण्याची दारे वेगवेगळी आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन माणूस थेट वरिष्ठ अधिकारी होतो. राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन उपनिरीक्षक होतो. तिसरे दार भरतीच्या मैदानातून जाते, आणि खेड्यापाड्यांतील आमच्यासारखी मुले बहुतेक त्याच दाराशी उभी असतात. तिथून आत गेलेला माणूस शिपाई होतो, पुढे हवालदार होतो, आणि अनेक वर्षांच्या सेवेनंतर सहायक पोलीस उपनिरीक्षक, म्हणजेच बोली भाषेत सहायक फौजदार, होतो. लोकांना यातले काही दिसत नाही. खाकी कपडा आणि हातातली काठी दिसली की तो त्यांच्या लेखी 'पोलीस'. मीही फळ्यावर तेच केले होते.

तुकाराम गोपाळ ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. मी याच तालुक्यातला असल्यामुळे तो मुलूख मला परका नाही. डोंगरउताराची शेती, भात आणि नाचणी, पावसाळ्यात थांबता न थांबणारा पाऊस, आणि घरटी एखादा तरी माणूस मुंबईला. कोणी बाजारात हमाली करतो, कोणी माथाडी कामगार असतो, कोणी सैन्यात जातो, कोणी पोलिसांत. ओंबळे यांनी आधी भारतीय सैन्याच्या सिग्नल विभागात नोकरी केली आणि नंतर ते मुंबई पोलीस दलात दाखल झाले. २००८ साली ते दक्षिण मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते.

आता त्या रात्रीविषयी. समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी दोन-दोनांच्या पाच जोड्या करून २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला चढविला. त्यांतील अजमल कसाब व इस्माईल खान हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर शिरले. या स्थानकाला २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे नाव आहे. तेथे गाडीची वाट पाहत बसलेल्या साध्या प्रवाशांवर त्यांनी गोळीबार केला. मग ते कामा रुग्णालयाकडे वळले. रुग्णालयालगतच्या गल्लीत करकरे, कामटे व साळसकर हे तीन अधिकारी एका पोलीस गाडीतून येत असता त्यांच्यावर हल्ला झाला व तिघेही धारातीर्थी पडले. मारेकरी तीच गाडी घेऊन निघाले. पुढे गाडीचे चाक निकामी झाल्यावर त्यांनी एक चंदेरी स्कोडा मोटार बळकावली. सोडून दिलेल्या पोलीस गाडीत मृत सहकाऱ्यांच्या देहांखाली एक जखमी शिपाई जिवंत उरला होता; त्याने बिनतारी यंत्रावरून घडला प्रकार कळविला. मोटारीची खबर नाक्यानाक्यांवर गेली.

गिरगाव चौपाटीजवळ भडकमकर मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी नाकाबंदी केली होती. नाकाबंदी म्हणजे रस्त्यावर लोखंडी अडथळे लावून येणारे प्रत्येक वाहन थांबविणे व तपासणे. रोजच्या दिवसांत हे कंटाळवाणे काम असते. त्या रात्री तेच सर्वांत धोक्याचे ठरले. तेथील थोड्या अधिकाऱ्यांजवळ पिस्तुले होती. बाकीच्यांच्या हातांत काठ्या होत्या. मध्यरात्र उलटून गेल्यावर, साडेबाराच्या सुमारास, ती मोटार आली व अडथळ्यांपासून काही अंतरावर थांबली. आतल्या माणसाने दिवे पूर्ण प्रखर केले. काचेवर पाण्याचे फवारे उडवून वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण आहे हे पोलिसांना दिसू नये. मग मोटार वळवून पळण्याचा प्रयत्न झाला. परंतु ती दुभाजकावर अडकली. चालविणाऱ्या इस्माईलने गोळीबार केला, पोलिसांनी उत्तर दिले, त्यात तो मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला. त्याच्या हातात एके-४७ होती. ओंबळे पुढे झेपावले, त्यांनी त्या बंदुकीची नळी धरली, आणि गोळ्या पोटात शिरत असताही ती सोडली नाही. तेवढ्या वेळात बाकीचे पोलीस कसाबवर तुटून पडले व त्याला जिवंत पकडले. ओंबळे यांनी या झटापटीत प्राण गमावला.

येथे एक बारीक गोष्ट मला दिसली. आपण सारे '२६ नोव्हेंबर' म्हणतो. पण ओंबळे यांनी बंदूक धरली तेव्हा कॅलेंडरात २७ तारीख लागली होती.

नळी धरण्याने नेमके काय झाले, हे शस्त्राची माहिती नसलेल्या माझ्यासारख्याला आधी कळले नव्हते. एके-४७ ही स्वयंचलित रायफल आहे. चाप दाबून धरला तर ती मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या या वेगाने चालते, आणि तिच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या असतात. म्हणजे तीस गोळ्या रिकाम्या व्हायला सुमारे तीन सेकंद पुरतात. या तीन सेकंदांत बंदूक अर्धवर्तुळात फिरविता आली, तर काठ्या घेऊन उभे असलेल्यांपैकी किती जण उरले असते याचा हिशेब न केलेला बरा. नळी धरली की बंदूक फिरत नाही. ती एकाच दिशेला, म्हणजे धरणाऱ्याच्याच दिशेला, रोखलेली राहते. ओंबळे यांनी गोळ्यांची दिशा स्वतःकडे वळवून घेतली व ती तशीच राखली. 'छातीचा कोट केला' असे आपण भाषणात सहज म्हणतो. येथे ते अगदी शब्दशः घडले.

आपली भाषणे बहुधा याच ठिकाणी संपतात. मला मात्र वाटते, त्या पकडीचे महत्त्व इथून पुढे सुरू होते.

दहापैकी नऊ दहशतवादी मारले गेले. एकटा कसाब जिवंत हाती लागला. त्याच्यासाठी तयार केलेले एक ओळखपत्र पुढे पुराव्यात आले. ते हैदराबादच्या एका महाविद्यालयाचे खोटे ओळखपत्र होते, आणि त्यावरचे नाव होते 'समीर दिनेश चौधरी'. मी हे वाचले तेव्हा माझ्या खिशातले ओळखपत्र बाहेर काढून पाहिले. आमच्या घराण्यात महाविद्यालयाचे ओळखपत्र मिळालेला मी पहिलाच. आईने ते देव्हाऱ्याजवळ ठेवून मग माझ्या हाती दिले होते. तसल्याच एका कार्डाचा उपयोग हत्याकांड करणाऱ्याचे खरे नाव-गाव लपविण्यासाठी केला गेला होता. दहाही जण मेले असते तर अशी खोटी कार्डे मागे उरली असती आणि त्यांवरून नाना तर्क लढविले गेले असते. मृत माणसाला प्रश्न विचारता येत नाही. कसाब जिवंत सापडल्यामुळे तो कोठून आला, कोणी शिकविले, कोणत्या मार्गाने आला हे विचारता आले व पडताळता आले. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानला तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले.

पुढचा भाग न्यायालयाचा. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मारहाण करून कोणाकडूनही काहीही वदवून घेता येते, म्हणून ही तरतूद आहे. दंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला वेळ देऊन, स्वेच्छेने दिलेला जबाब मात्र ग्राह्य धरता येतो. कसाबचा असा जबाब फेब्रुवारी २००९ मध्ये नोंदविला गेला. आर्थर रोड कारागृहाच्या आवारात विशेष न्यायालय बसले; न्यायाधीश एम. एल. टहलियानी होते, सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते, आणि आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला गेला. स्थानकावर पायाला गोळी लागलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीने भर न्यायालयात कसाबला ओळखले. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला व ६ मे रोजी त्याला फाशीची शिक्षा झाली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. हे वाक्य घाईने वाचू नये अशी माझी विनंती आहे. सारा देश संतापलेला असतानाही पुरावा अपुरा पडला तिथे न्यायालयाने दोघांना सोडले. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची शिक्षा कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात त्याला फाशी देण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. ती आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी दाखवून दिली नसती तर माझ्या नजरेतून सुटली असती. कसाबच्या वतीने असा मुद्दा मांडला गेला होता की, त्याला वेळेवर वकील मिळाला नाही. न्यायालयाने त्याच्या बाबतीत तो मुद्दा मान्य केला नाही. परंतु त्या निमित्ताने देशातील सर्व दंडाधिकाऱ्यांचे एक कर्तव्य स्पष्ट केले. अटक झालेला माणूस प्रथम समोर आणला जाईल तेव्हाच त्याला सांगितले पाहिजे की, वकील मिळणे हा तुझा हक्क आहे, आणि तुला पैसा नसेल तर शासन आपल्या खर्चाने वकील देईल.

हा नियम कोणाच्या कामाचा आहे? श्रीमंताला वकील आधीच असतो. हा नियम माझ्या बापासारख्यांच्या कामाचा आहे. चोरीच्या संशयावरून धरलेला एखादा हमाल, सही करता न येणारी एखादी बाई, यांना न्यायाधीशाने विचारावेच लागेल, 'वकील हवा का?' एका सहायक फौजदाराने बंदूक सोडली नाही, म्हणून आरोपी जिवंत राहिला. आरोपी जिवंत राहिला, म्हणून खटला चालला. खटला चालला, म्हणून गोरगरिबांच्या हक्काविषयी सर्वोच्च न्यायालयाचे हे शब्द कागदावर आले. चौपाटीवर त्या क्षणी ओंबळे यांच्या मनात हे सारे होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या मनात समोरचे सहकारी असतील, किंवा विचाराला वेळच मिळाला नसेल. पण माणसाचे कृत्य त्याच्या विचारापेक्षा पुष्कळ लांब जाते, हे मला यावरून कळले. २६ नोव्हेंबर हा संविधान दिनही आहे. १९४९ साली याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले, आणि २०१५ पासून हा दिवस संविधान दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे सकाळी उद्देशिकेचे वाचन होते व नंतर श्रद्धांजली होते. हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत असे मला वाटत असे. आता तसे वाटत नाही.

आता आपण स्मरण कसे करतो ते पाहू. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. शांतताकाळातील शौर्यासाठी आपल्या देशात याहून मोठे पदक नाही. गिरगाव चौपाटीवर त्यांचा अर्धपुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीच्या कोळ्याला त्यांचे नाव दिले : आयसियस तुकारामी. हा उड्या मारून भक्ष्य पकडणारा कोळी आहे. प्राणिशास्त्रात एकदा दिलेले नाव सहसा बदलत नाही. तेव्हा जावळीतल्या एका शेतकरी मुलखातले 'तुकाराम' हे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या यादीत गेले आहे.

याशिवाय २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली या दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले. त्या काळी उत्तर सीमेच्या त्या भागात पोलीस पहारा देत असत. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी देशभर पोलीस संचलन होते, आणि मागील १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या देशातील पोलिसांची नावे वाचली जातात. दिल्लीत चाणक्यपुरी येथे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यापासून कामी आलेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथील भिंतीवर कोरलेली होती. मामा म्हणतो, संचलनात नावे वाचली जातात तेव्हा प्रत्येक जण आपल्या ओळखीचे नाव येते का ते ऐकत असतो. मी विचारले, "आणि ओळखीचं नाव नसलं तर?" तो म्हणाला, "मग पद ऐकायचं. शिपाई, शिपाई, हवालदार, शिपाई. त्यावरनं कळतं कोण जातं ते."

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हा लेख आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचून दाखवला. त्यांना वाचता येत नाही. पोलिसांविषयी त्यांचे मत चांगले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरुणपणी ते मुंबईच्या बाजारात हमाली करीत आणि रात्री पदपथावर झोपत. एका रात्री एका पोलिसाने झोपलेल्या सर्वांना काठीने उठविले. एक तडाखा आबांच्या पाठीत बसला. गुन्हा काहीच नव्हता. आजही खाकी कपडा दिसला की ते नकळत बाजूला सरकतात. एका काठीची ही आठवण घरात असताना दुसऱ्या काठीचे गुणगान मी कसे करावे, हा माझ्यापुढचा खरा पेच होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. पोलिसाच्या हाती अधिकार असतो, आणि तो गरिबाच्या पाठीवरही पडतो. म्हणूनच ज्याने तो अधिकार दुसऱ्याला वाचविण्यासाठी वापरला, त्याचे कृत्य नेमकेपणाने सांगितले पाहिजे. एरवी साऱ्या खाकीला सरसकट नमस्कार, नाहीतर साऱ्या खाकीला सरसकट शिव्या, एवढेच आपल्या हाती उरते.

आबांनी सारा लेख ऐकून घेतला. कायद्याचा भाग त्यांना लांबला असे वाटले असावे. शेवटी त्यांनी एकच विचारले, "त्याच्या हातात काठी व्हती म्हनतोस?"

"होय."

"मग ती त्यानं टाकली असंल. वजनाची चीज धराया दोन्ही हात लागत्यात. एका हातात काठी ठेवून बंदूक धरता येत न्हाय."

आयुष्यभर पोती उचललेल्या माणसाचे हे म्हणणे. मी इतके वाचले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आबा पुढे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचं नाव परत सांग." मी पदासह सांगितले.

आईचा विषय निराळा आहे. मी रोज पहाटे १६०० मीटर धावतो व गोळाफेकीचा सराव करतो, हे तिला माहीत आहे. भरतीच्या मैदानी परीक्षेत या दोहोंना आणि १०० मीटर धावण्याला मिळून ५० गुण असतात, हेही तिला आता पाठ झाले आहे. लेख ऐकून ती चुलीपाशीच म्हणाली, "फळ्यावर नाव लागावं म्हनून म्या तुला कालेजात धाडलं न्हाय." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिला मी असे सांगू शकत नाही की, काही होणार नाही; कारण ते खरे नाही. बी. ए. पुरे करून शिक्षक व्हावे असे तिला वाटते. मलाही इतिहास शिकवायला आवडेल. अर्ज कशाचा भरायचा हे अजून ठरलेले नाही. मात्र एवढे समजले की, ज्यांची नावे आपण फळ्यावर लिहितो त्यांच्या घरीही कोणीतरी असे चुलीपाशी बोललेले असणार, आणि तरीही ते नाकाबंदीला उभे राहिले. हेही स्मरणात धरायला हवे.

या वर्षी २६ नोव्हेंबरला फलकलेखनाचे काम मी आपण होऊन मागून घेतले. आदल्या दिवशी फळा मोजून ओळी आखल्या. सर्व नावे सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिली, आणि प्रत्येक नावापुढे पद. 'सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे, भडकमकर मार्ग पोलीस ठाणे' ही ओळ लांब झाली, पण बसली. सायंकाळी फळा पुसायला आपल्या महाविद्यालयाचे शिपाई आले. हातात ओले फडके घेऊन ते क्षणभर थांबले व म्हणाले, "हे सहायक फौजदार म्हंजे कुठलं पद ओ? मोठं असतं का?"

मी फडके त्यांच्या हातातून घेऊन बाकावर ठेवले, आणि शिपाई या पदापासून सांगायला सुरुवात केली.